केनवडजवळचा सवाल-जवाब आणि मला न कळलेला निकाल

आयुष्यात पहिल्यांदाच मी एका कलाकाराचा कार्यक्रम बघायला निघाले होते आणि मनातल्या मनात देवाला सांगत होते, हा म्हातारा हरू दे रे बाबा. पाप लागेल की पुण्य, हे तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही.

सांगते. वैशाली माझी बँकेतली मैत्रीण, शेजारच्या टेबलावरची, वीस वर्षांपासूनची. तिचं माहेर वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या केनवडपासून आत एका लहान गावात. तिचे वडील नारायणबुवा शाहीर आहेत. वय शहात्तर. आई गेल्यापासून एकटेच राहतात आणि गेल्या वर्षापासून विसरायला लागलेत. दिवाळीत स्वतःच्या शेतात गेले आणि घरचा रस्ताच सापडेना. वैशालीने पुण्याच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांच्यासाठी रंगवून ठेवली, पण बुवा काही यायला तयार नाहीत. शेवटी त्यांनीच पैज लावली. या वर्षीच्या सवाल-जवाबात हरलो तर तुझ्यासोबत येतो, जिंकलो तर पुन्हा नाव काढायचं नाही.

"तू चल," वैशाली मला म्हणाली. "हरले तर त्यांना गाडीत बसवायला कोणीतरी लागेल. आणि जिंकले तर मला."

मग काय, रजा टाकली.

पुण्याहून मेहकरला ट्रॅव्हल्स मिळतात. संध्याकाळी बसलात की सकाळी उतरता. स्लीपरला हजार-बाराशे पडतात, सणासुदीला वाट्टेल ते मागतात. मेहकरच्या स्टँडवर तर्री टाकलेले पोहे खा, पण तर्री 'थोडी' सांगा. मी सांगितली नाही आणि केनवडपर्यंत नाक पुसत बसले. पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आम्ही दोघी रुबाबात खिडकीशी. पाऊण तास दोन्ही बाजूंना वाळलेला हरभरा, मधेच हिरवा गहू. केनवडहून गावात ऑटो जातो, पण भरल्याशिवाय हलत नाही. आमचा भरला तेव्हा माझ्या मांडीवर कोणाचीतरी कोबीची पिशवी होती.

बुवा ओट्यावरच बसलेले. सडपातळ, धोतर, डोक्याला गुलाबी फेटा.

"आली का वं बाई! अन् ही कोन?"

"ही मेघा, बाबा. माझ्या बँकेतली."

"बरं बरं. बस माय." चहा आला. बुवांनी बशीत ओतला, माझ्याकडे पाहिलं. "ही कोन वं?"

चहा संपेपर्यंत माझी तीनदा ओळख झाली. प्रत्येक वेळी तितकंच मनापासून स्वागत! मी वैशालीकडे बघायचं टाळलं.

आता खेळाचा कायदा सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. माझ्या गेलंच होतं. शाहिरांचे दोन पक्ष असतात, कलगी आणि तुरा. कलगीवाले म्हणणार आदिशक्ती थोर, तुरेवाले म्हणणार शिव थोर. डफावर गाऊन एकमेकांना कोडी घालायची. ज्याला उत्तर येत नाही तो हरला. या गावात हरणारा आपला डफ जिंकणाऱ्याला देतो. वर्षभर तो डफ त्याच्याच घरी राहतो आणि वेशीबाहेर न्यायचा नाही. शिवाय रोज दिवेलागणीला तो वाजवायचा, नाहीतर चामडं सुस्त पडतं आणि दुसऱ्याच्या डफाचा अपमान होतो. म्हणून जिंकणारा गाव सोडू शकत नाही. हरणारा मोकळा!

बुवा तुऱ्याचे. त्यांच्यासमोर कलगीचे रहेमानकाका, वय त्र्याहत्तर, समोरच्या आळीत गाद्या भरायचं दुकान. नमाज चुकवत नाहीत आणि पन्नास वर्षं आदिशक्तीची बाजू भांडतायत. मी वैशालीला म्हटलं, हे कसं गं? ती म्हणाली, "कसं म्हणजे? ते कलगीचे आहेत."

तेवढ्यात स्वतः रहेमानकाकाच दारात आले. हातात दुधाचा गंज, म्हणजे पातेलं.

"काय नाऱ्या, जिता हायेस का?"

"तुले पोचवल्याबिगर कसा मरू बे?"

"उद्या डफ पुसून ठेव. माह्या घरी न्यायचा हाय."

"तुह्या घरी? तुह्या बापाले नाही जमलं थे!"

माझा तर जीव घाबरला, आता हाणामारी होते की काय! पण काकांनी दूध चुलीवर ठेवलं, वर येईपर्यंत उभे राहिले, बुवांच्या हातात पेला दिला, ते पिऊन झाल्यावर पेला विसळला आणि आणखी एक शिवी देऊन निघून गेले. हे वैरी की कोण?

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम दुपारी चारला. पूर्वी रात्रभर चालायचा, पण आता शाहिरांनाच जागरण सोसत नाही. मारुतीच्या पारासमोर मंडप. जायचं असेल तर टोपी न्या, पाणी न्या आणि कडुनिंबाच्या बाजूला बसा. तिकीट नाही. आधी सगळ्या गावाला रोडग्याचं जेवण. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. वाढणारी बाई "घे ना वं, घे" म्हणत तूप ओततच राहते. मी चार रोडगे खाल्ले आणि मग बसायची पंचाईत झाली.

सुरुवातीला एक नकलाकार. सत्तरी ओलांडलेला, दात दोन. त्याने लग्नात रुसलेला जावई केला, एसटीतला झोपाळू प्रवासी केला, आणि शेवटी स्वतःचीच बायको केली, जी त्याला सांगते की आता या वयात नकला पुरे. ती बायको पहिल्याच रांगेत बसलेली! लोक तिच्याकडे बघून जास्त हसत होते. मीही पोट धरून हसले, आणि मग डफ कडाडला.

बुवा उभे राहिले आणि मला माणूस ओळखू येईना. ज्यांना माझं नाव तीन घोट टिकलं नव्हतं, ते गणापासून सुरुवात करून चाळीस-चाळीस ओळी न अडखळता गात होते. आवाज खडा. फेट्याचा तुरा हलतोय, पाय ठेका धरतोय. मी वैशालीला म्हटलं, "अगं, यांना काय झालंय? काही झालेलं नाही!"

मग रहेमानकाका पुढे आले, डफावर थाप दिली आणि सवाल टाकला.

"नऊ दारांचा वाडा उभा, नाही दगड नाही माती,
सांग तुऱ्याच्या शाहिरा, त्या वाड्याची काय जाती?"

माझ्या शेजारची आजीबाई फस्सकन हसली. "बाप्पा! हा तं शेंबड्या पोरांचा सवाल व्हय. नऊ दारं, दोन डोये, दोन कान... देह ना! रहेमान्या म्हतारा झाला."

मलाही आलं होतं हो! पण बुवांना आलं नाही.

ते हसले. डफ फिरवला. ठेका पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. साथीदाराने सवाल परत म्हटला. बुवांनी वर कडुनिंबाकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. तीन पंच खाली मान घालून बसलेले. मला वाटलं, झालं, हरले. खोली रंगवलेली आहे, परतीचं तिसरं तिकीट काढू. हेच तर मागितलं होतं ना मी? मग मला आनंद का होत नव्हता?

वैशालीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिचे ओठ हलत होते. मी कान नेला. "देह, बाबा," ती पुटपुटत होती, "देह... देह... म्हणा ना."

जी बाई ते हरणार म्हणून त्या खोलीला आठशे रुपयांचा नवा पडदा लावून आली होती ती!

आणि बुवांनी थाप मारली. सवालाला सवाल टाकायची मुभा असते म्हणे. उलटा सवाल. समोरच्याला तो सुटला नाही तर पहिला सवाल फिटला.

"वाडा उभा, दारं उघडी, दिवा जळते आतमधी,
घरधनी घरात असून घर हरवते कधी?"

कोणी शिट्टी मारली नाही. शेजारची आजीबाई पदर तोंडाला लावून बसली.

रहेमानकाकांनी डफ उचलला, पुन्हा खाली घेतला. असं दोनदा झालं. मग त्यांनी गळ्यातला डफ काढला, कपाळाला लावला आणि बुवांच्या हातात दिला. "घे, नाऱ्या." एकदम ढोल, शिट्ट्या, टोप्या उडाल्या. बुवांना लोकांनी उचललं. वैशाली टाळ्या वाजवत होती आणि रडत होती, आणि मी वेड्यासारखी आजीबाईंना विचारत होते, "पण उत्तर काय होतं? उत्तर काय होतं?"

मला निकाल लागतो हो. स्वभावच तसा. कोण जिंकलं, का जिंकलं, स्पष्ट सांगा.

संध्याकाळी वैशाली तणतणत रहेमानकाकांच्या दुकानात गेली, मी मागोमाग. काका गादीला टाके घालत होते.

"काका, तुम्ही मुद्दाम हरलात."

"मुद्दाम कायले कोन हरते वं?"

"आधी इतका सोपा सवाल टाकलात, मग गप्प बसलात. माझी पैज माहीत होती ना तुम्हाला?"

काकांनी दाताने दोरा तोडला. "सोपा टाकला, थे खरं हाय. थो बी त्याले जमनार नाही, हे मले काय मालूम? माहं काळीज फाटलं ना तिथं. अन् त्याचा सवाल मले खरंच नाही आला. तुले येते काय उत्तर?"

वैशालीने कापसाचा एक पुंजका उचलला आणि बोटांनी पिंजत राहिली.

"तिथं पुन्यात एखांद्या दिवशी रस्ता चुकला तं?" काका म्हणाले. "इथं चुकला तं कोनी बी हात धरून घरी आनून सोडते."

"आणि घरात पडले तर? रात्री-बेरात्री? कोणाला कळणार काका?"

काकांनी सुई गादीत खोचून ठेवली. तेवढ्यात समोरच्या आळीतून आवाज आला. धप्, धप्, धडधड धप्. दिवेलागण झाली होती.

"आयकलं?" काका म्हणाले. "माहा डफ हाय थो. त्याचा आवाज मी झोपेत बी वळखीन. वाजला तं समजाचं, गडी शुद्धीत हाय, दिवा लावला, जेवाले बसनार. नाही वाजला तं मी पायात चप्पल घातली. आता एक वरीस असंच. तुले अजून काय पायजे वं?"

आम्ही दोघी त्या कापसाच्या ढिगापाशी उभ्या, आणि बाहेर डफ वाजतोय.

सकाळी निघायच्या गडबडीत बुवा खुंटीसमोर उभे दिसले. दोन डफ टांगलेले.

"हा तं रहेमानचा व्हय. माह्या घरी कायले?"

"काल तुम्ही जिंकलात, बाबा."

"थो हारला?" बुवांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "रहेमान्या हारला? अन् मले कोनी सांगतलं नाही!" आणि लहान मुलासारखे टाळी देत हसत सुटले.

परत येताना आम्ही रिसोडला उतरून जेवलो. शेवभाजी आणि ज्वारीची भाकर, दोघींचे मिळून अडीचशे. मुक्काम करायचा असेल तर रिसोडला साध्या लॉज आहेत, वाशिमला जरा बऱ्या. जानेवारी ते मार्च जा. उन्हाळ्यात जाल तर मला दोष देऊ नका.

पुण्यात येऊन दोन महिने झाले. ती रंगवलेली खोली तशीच आहे. वैशालीने पडदाही काढलेला नाही. आम्ही बरोबर केलं की चूक, हा विषय आठवड्यातून दोनदा निघतो आणि दोघींची मतं दर वेळी बदलतात. संध्याकाळी सातच्या सुमारास तिचा फोन वाजतो. पलीकडे रहेमानकाका. बोलत काही नाहीत. फोन दुकानाबाहेर धरतात आणि धप् धप् ऐकवून ठेवून देतात.

परवा आम्ही बँकेतच थांबलो होतो. सात वाजले, सव्वासात झाले, फोन नाही. वैशालीनेच लावला. "थांब, चप्पल घालून राह्यलो," काका म्हणाले, आणि फोन चालूच ठेवला. आम्हाला त्यांची पावलं ऐकू येत होती, कुत्रं भुंकलेलं, कडी वाजलेली. वैशालीने टेबलाची कड धरली होती. मग बुवांचा आवाज आला, अगदी स्वस्थ.

"हा डफ कोनाचा बे?"

"माहा."

"मंग माह्या मांडीवर कायले?"

"हारलो ना मी, नाऱ्या."

मग ते हसणं आलं, तेच, खुंटीसमोरचं. आणि धप्, धप्, धडधड धप्.

वैशालीने डोळे पुसले. फोन तोंडाशी नेला आणि म्हणाली, "अभिनंदन, बाबा."

डफ थांबला. "हे कोन बोलून राह्यलं?"

"तुही पोरगी व्हय. पुन्याहून."

"मंग तिले सांग ना बे," बुवा म्हणाले, "का तिचा बाप जितला!"