टोपडं आणि टेप

बाळांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाकाखाली विसरलेले लोकरी मोजे साठतात, तसे तेही साठत जातात. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना पुण्यात, वारज्याला, आम्ही वरच्या मजल्यावर. ते तपासायचे, मी बाहेर नंबर लावायचे आणि रात्री जेवताना दोघं मिळून हसायचो. आता हसायला मी एकटीच आहे. म्हटलं, सांगून टाकावेत.

*

डॉक्टरांचा एक नेम होता. लस टोचायला आलेल्या प्रत्येक बाळाच्या डोक्याचा घेर टेपनं मोजायचा. डोकं मोठं वाटलं, की घरच्यांचंही मोजायचं. कारण मोठं डोकं पुष्कळदा घराण्यातूनच येतं.

एक आजोबा टोपी काढायलाच तयार नव्हते. "लस नातवाला आहे, मला नाही," म्हणाले.

"टोपीसकट मोजतो," डॉक्टर म्हणाले. "पण मग औषध टोपीला द्यावं लागेल."

*

मंदार रोज बाइकवरून खराडीच्या आयटी पार्कात जायचा. शहरात हेल्मेटसक्तीवरून भांडणं चालली होती तेव्हाची गोष्ट. निनादला, त्याच्या तान्ह्या मुलाला, घेऊन तो बोडक्यानंच आला.

"डॉक्टर, माझ्या मापाचं हेल्मेट मिळतच नाही. डोकं मोठं आहे माझं."

डॉक्टरांनी टेप गुंडाळला, आकडा वाचला. "मध्यम आहे. हेल्मेट घाला."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की पुढे ज्याचं डोकं मोजतील त्याला तेच ऐकवायचे. साडी नेसून रिक्षानं आलेल्या बायकांनासुद्धा.

*

निनादची आजी यवतमाळची. नातवाला टोपडी विणायची आणि दर खेपेला तक्रार करायची, "हे बी कानावर येत नाही जी. तुमच्या पुण्याच्या पाण्यानं लोकर आटते."

डॉक्टरांनी जुनं आणि नवं टोपडं एकावर एक ठेवलं. दोन्ही सारखीच. जन्मताना निनादचं डोकं चारचौघांसारखं होतं. आता ते भराभर वाढत होतं, आणि आईबाप दोघंही मध्यम!

"डोकं मोठं म्हणजे मोठा साहेब होते," आजी म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मागून हाक मारली, "निनाद." तो पंख्याकडेच बघत राहिला.

*

डोक्याची सोनोग्राफी झाली, कानांची तपासणी झाली. दोन्ही ठीक.

"नुसत्या डोक्यावरून काही ठरत नाही," डॉक्टरांनी मंदारला सांगितलं. "मोठ्या डोक्याची पुष्कळ मुलं ठणठणीत असतात. पण हा हाकेला वळत नाही, नजर देत नाही. स्वमग्नता असेल, नसेलही. ते कळेपर्यंत थांबायचं नाही. आत्तापासून याला शिकवायला लागू."

"बोलेल ना हा आमच्याशी?"

"आज नाही सांगता येत. तुम्ही बोलणं थांबवू नका."

शेजारी बसलेल्या आजीनं विचारलं, "मग टोपडं केवढं विणू?"

"एक नंबर मोठं," डॉक्टर म्हणाले.

*

स्वमग्नताच निघाली. थेरपी सुरू झाली. निनाद मोठा झाला आणि टेपच्या प्रेमात पडला. बाकावरच्या सगळ्यांची डोकी मोजून झाल्याशिवाय दवाखान्यातून हलायचा नाही. डॉक्टर मोजत जायचे, वाक्य म्हणत जायचे, हा शेजारी उभा. स्वतः बोलायचा ते 'पाणी', 'घरी', एवढंच. तेही हवं असेल तेव्हा.

"कामापुरतं बोलते," आजी म्हणाली.

"पुणेकर झाला," डॉक्टर म्हणाले.

*

डॉक्टर गेले, त्यानंतर निनादच्या घरचे सगळे मला भेटायला दवाखान्यातच आले. मंदारनं हेल्मेट दाराशी ठेवलं. आजी माझा हात धरून बसली.

निनाद सरळ डॉक्टरांच्या टेबलाकडे गेला. खण उघडला, टेप काढला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मंदार उठायला लागला, मी त्याला खुणेनंच बसवलं.

निनादनं टेप माझ्या डोक्याभोवती गुंडाळला. नीट, भुवयांच्या वरून. आकडा वाचला.

"मध्यम आहे," म्हणाला. "हेल्मेट घाला."