हललं की बोंबललं!

आमच्या दुकानात संध्याकाळी झाडू मारला की दोन गोष्टी निघतात, वायरींचे तुकडे आणि किस्से. तुकडे फेकता येतात. किस्से कुठं फेकणार?

दुकान मोताळ्यात, बाजाराच्या रस्त्यावर. मी आणि माझा पार्टनर गौतम गाड्यांना, यंत्रांना सेन्सर बसवतो. काही हललं, जवळ आलं, की सेन्सर बोंब मारतो. गौतमचा हात सफाईचा, पण लग्न अडलेलं. सुषमाचा होकार होता. तिचे वडील इंगळे काका मात्र म्हणायचे, "पोरगं चांगलं हाये, पन एका जागी बसत नाई!" खरंच होतं, आमच्या दुकानाआधी त्यानं बरेच धंदे करून सोडले होते.

*

अजाबराव भाऊंच्या मोटरसायकलला अलार्म बसवला. पहिल्याच बाजाराच्या दिवशी तो वाजला! "चोर! चोर!" करत अर्धा बाजार धावला. बघतो तर एक बकरी सीटला पाठ घासत उभी!

मालकीण भडकली, "माह्या बकरीले चोर म्हनता? पयले माफी मांगा!"

भाऊंनी हात जोडले. तेवढ्यात बकरीनं त्यांच्या पिशवीतली मेथी फस्त केली.

भाऊ म्हणाले, "आता म्हनू काय चोर?"

*

अमडापूरच्या राजूनं ट्रॅक्टरला रिव्हर्स सेन्सर बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी हजर! "ट्रॉली जोडली की वाजूनच राह्यला!"

"त्याले मागं ट्रॉली दिसते ना बे," गौतम म्हणाला.

"मंग सांग ना त्याले, आपलीच हाये म्हनून!"

*

एका शेतकऱ्याच्या कडबा कुट्टीला सेन्सर लावला. हात पात्याकडे गेला की यंत्र बंद. मालक वैतागले, "घडी घडी थांबते, काढून टाका!"

जाऊन बघितलं. कडबा घालणाऱ्या शांताबाई हातवारे करत बोलत होत्या. मी म्हटलं, "काढणार नाही. काकूंची बोटं महत्त्वाची."

शांताबाई खूश! "राहू द्या. माहं बोलनं आयकाले मशीन तरी थांबते, माहा नवरा कुठं थांबते!"

*

जळगाव जामोदच्या एका जीपवाल्या भाऊंनी नवा सेन्सर घेतला. दणका बसला की थेट घरी मेसेज, जागेसकट! त्यांना एक स्पीडब्रेकर दिसला नाही, आणि घरी 'अपघात' पोचला. वहिनी रडतरडत, नातेवाईक घेऊन धावल्या. भाऊ टपरीवर मिरचीची भजी खात बसलेले!

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात. "काढून टाक हे," भाऊ मला म्हणाले.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "हे घरी म्हनते, डॉक्टरनं तेलकट बंद केलं!"

*

इंगळे काकांनी चोरीच्या भीतीनं सुषमाच्या स्कूटीला सेन्सर लावला. स्कूटी हलली की काकांचा मोबाईल वाजणार, ती कुठं उभी आहे तेही दिसणार. बसवला गौतमनंच!

सुषमा रोज संध्याकाळी स्कूटी वाचनालयासमोर लावायची आणि तिथून पायी आमच्या दुकानात यायची. त्या वेळी गौतमही स्टुलावरून उठायचा नाही.

एकदा अचानक काका आले. सुषमा पटकन काउंटरमागं बसली.

"गौतम, तुहा सेन्सर लय भारी. स्कूटी वाचनालयासमोरून हालतच नाई. वाटलं, पोरगी अभ्यास करून राह्यली."

"हो काका."

"पन आज सोमवार. वाचनालय बंद हाये."

गौतमच्या हातातला टेस्टर खाली पडला. काकांनी दाराशी पडलेल्या लेडीज चपलांकडे बघितलं, मग स्टुलाकडे.

"लोक सांगते, संध्याकायी तू बी हालत नाई. एका जागी बसाले शिकला म्हनायचा!" काका निघाले आणि पायरीवर थांबले. "रविवारी माय-बापाले घेऊन घरी येजो. आन एक सेन्सर आनजो, पोरीच्या चपलेले बसवाचा हाये!"