बायकांच्या बाजूच्या आक्का

आक्कांनी अर्धं आयुष्य थिएटरात काढलं आणि एकही सिनेमा पाहिला नाही. त्या सिनेमाच्या पडद्याकडे पाठ करून बसत. वडूजच्या टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूला, सगळ्यात पुढे, लोखंडी स्टुलावर, तोंड आमच्याकडे. त्यांच्यामागे घोडे उधळत, गाड्या दरीत कोसळत, नायकाची आई गेली की परत सापडे. आक्का मिश्रीचं बोट दातांवर फिरवत आमचे चेहरे बघत. खेळ कसा आहे ते त्या आमच्या तोंडांवरून ठरवत आणि बाहेर मालकांना सांगत. "नाकं वढत्यात, पर पदर भिजत न्हाई. आठवडाच चालंल खेळ." हा अंदाज निम्म्या वेळा चुके. चुकला की आक्का दोष आम्हाला देत. "औंदाच्या बायकांस्नी रडायचंच कळंना," असं त्या मालकांना खुशाल सांगत आणि मालक मान हलवत.

टॉकीज म्हणजे मूळचं शेंगांचं गोदाम. वर पत्रा, खाली फरशी, आणि शेंगांचा वास शेवटपर्यंत गेला नाही. पुरुषांची बाजू आणि बायकांची बाजू यांच्यामध्ये छातीएवढी लाकडी फळी होती आणि फळीच्या वर तारेवर सरकणारा एक काळा पडदा. दिवे गेले की आक्का दोरी ओढून तो बाजूला करत; दिवे यायच्या आत पुन्हा लावत. उजेडात पुरुषांना बायका दिसू नयेत एवढंच त्याचं काम. पण आक्कांच्या मते थिएटर चाले ते या काळ्या पडद्यामुळे. पांढरा पडदा आपला जोडीला होता. इंटर्वलचे दिवे लावण्याआधी मशीनवाल्याने त्यांच्या खोकल्याची वाट बघायची, असा त्यांनीच घालून दिलेला नियम होता. एकदा तो विसरला. त्यानंतर आठवडाभर आक्का त्याच्याशी बोलत नव्हत्या आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं, याचा त्यांना जास्त राग होता.

कोणी कुठे बसायचं ते तिकिटावर ठरत नसे, आक्का ठरवत. कचेरीतल्या साहेबांच्या बायका पंख्याखालच्या खुर्च्यांवर. तान्ही मुलं दाराजवळ. ज्यांच्याशी आक्कांचं पटत नसे त्या खांबामागे. त्यांना अर्धाच नायक दिसे. हा न्याय जातपात बघत नव्हता असं मी म्हणणार नाही. बौद्धवाड्यातल्या बायकांना त्या डोळ्यांनीच मागचं बाकडं दाखवत. मग तिथल्या एका शिक्षिकाबाईंनी खुर्चीचं तिकीट काढलं, खुर्चीवर बसल्या आणि आक्कांच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही. कचेरीतल्या एका बाईंनी तक्रार केली. आक्कांनी बराच वेळ दोरी हातात फिरवली आणि म्हणाल्या, "मास्तरीन हाय ती. तिला उठवायचं तर तुमी उठवा." कोणी उठवलं नाही. पुढे आक्का सांगत फिरल्या की खुर्ची त्यांनीच दिली होती.

पुरुषांना बायकोला काही सांगायचं असेल तर फळीपाशी येऊन आक्कांच्या कानात सांगावं लागे. आक्का तो निरोप जागेवरूनच पोचवत, आणि त्यांचा आवाज खलनायकाला भारी होता. "आवं पाटलीनबाय, मालक इचारत्यात म्हशीला पानी दावलं व्हतं का." किंवा, "देशपांड्यांच्या वैनी, घरी चला म्हंत्यात, पोट बिगाडलंय त्येंचं." गावातल्या सगळ्या पोटांची आम्हाला माहिती असे. हळूहळू पुरुषांनी निरोप देणं सोडून दिलं. आक्कांना तेच हवं होतं की काय, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. बाजारच्या दिवशी दुपारच्या खेळाला बायकांची बाजू भरे, मग सिनेमा कोणताही असो. वर्तमानपत्र वाचणाऱ्या आमच्या पुरुषांनी याचा अर्थ लावला होता की बायकांना सिनेमाचा फार नाद. खरा अर्थ एवढाच होता की बाजाराच्या निमित्ताने आसपासच्या गावांतून आया येत, आणि वडुजात दिलेल्या त्यांच्या मुली सिनेमाच्या निमित्ताने घरातून निघत. अंधार पडला की दोघी एका बाकड्यावर. माहेरी पंचमीला नाही तर दिवाळीला, तेही सासरच्यांच्या मर्जीने. बाजार मात्र दर आठवड्याला. कोणाची आई कुठल्या एसटीने येते, कोणाची सासू कोणाला ओळखते, हे सगळं आक्कांना पाठ. त्या जागा धरून ठेवत. तीन तास आमच्या बाजूला अशी कुजबुज चाले की नायिकेला आपलं दुःख ओरडून सांगावं लागे.

माझं प्रकरण जरा अवघड होतं. लग्नात मानपानावरून माझ्या आईचं आणि सासूबाईंचं जे वाजलं, त्यानंतर मला माहेरी धाडणं बंद आणि आईला आमची पायरी बंद. भांडणाचं मूळ आईने सासूबाईंना दिलेलं एक लुगडं. ते विहिणीच्या मानाला शोभत नाही, असं सासूबाईंनी मांडवातच जाहीर केलं होतं. तेव्हा मला आई दिसायची ती फक्त टॉकीजमध्ये, नायकाच्या चेहऱ्याचा उजेड पडला की. ती डब्यातून धपाटी आणायची. मी खायची आणि बोलायची. त्या दोन-तीन वर्षांत किती सिनेमे बघितले असं कोणी विचारलं तर मला सांगता येतं; त्यांत काय झालं ते सांगता येत नाही.

एका बाजारी सासूबाई म्हणाल्या, "आज म्या बी येते." आई आधीच आत होती. दारात आक्कांनी आम्हा दोघींना पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी सासूबाईंना हाताला धरून पंख्याखालच्या पहिल्या खुर्चीवर नेलं. त्या खुर्चीवर आजवर मामलेदारीणबाईच बसत. सासूबाई अशा फुलल्या की मी कुठे बसले ते त्यांनी पाहिलंही नाही. मी खांबामागे, आईजवळ. प्रश्न इंटर्वलचा होता. दिवे येणार आणि सासूबाई मान वळवणार. आक्का खोकल्या, दिवे आले, आणि त्यांनी आपलं स्टूल सासूबाईंच्या पुढ्यात ओढून विचारलं, "आवं, तुमच्या विहिनीनं लगनात लुगडं कसलं दिलं हुतं म्हनं?"

मग काय. सासूबाईंनी मान वळवली नाही की पाण्याला उठल्या नाहीत. पोत, काठ, रंग, देणारीची दानत आणि तिचं सगळं घराणं, असं इंटर्वल संपेपर्यंत चाललं. अख्ख्या बाजूने ऐकलं. माझी आई शेंगा सोलत ऐकत होती. दिवे गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "रंग बरा हुता लुगड्याचा. हिला कळत न्हाई."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालक सांगलीला गेले. तिथे त्यांनी एक नवं थिएटर पाहिलं. गाद्यांच्या खुर्च्या, वर बाल्कनी, आणि नवरा-बायको शेजारी शेजारी. परत आले ते सुधारक होऊनच. त्यांनी गावातले चार शहाणे लोक टॉकीजच्या ऑफिसात चहाला बोलावले: डॉक्टर, वकील, हायस्कूलचे हेडमास्तर आणि पंचायत समितीतून आमचे हे. फळी काढावी, काळा पडदा काढावा, बायकांना या अंधारातून बाहेर आणावं. बायकांना मोकळं करण्याचा हा ठराव एकही बाई हजर नसताना एकमताने मंजूर झाला.

आक्कांना नंतर आत बोलावलं, कळवण्यापुरतं. त्यांनी विरोध केला. खरं कारण सांगायची सोय नव्हती. आया आणि मुली इथे भेटतात हे पुरुषांना कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते घरोघरी सासवांना कळलं असतं आणि बाजारच्या दिवशी सिनेमाच बंद झाला असता. म्हणून आक्कांनी हाताला येईल ते कारण पुढे केलं. पुरुषांच्या बिड्यांनी तान्ह्या पोरांना खोकला होईल. पुरुषांच्या डोक्यात उवा असतात. शेजारी बाई बसली की पुरुषाला झोप लागते आणि तो घोरतो. कोयनेला धरणीकंप झाला तो असल्याच चालीने झाला. हेडमास्तरांनी त्यांना स्त्री-शिक्षणावर पाच मिनिटं सांगितलं. आमचे हे घरी येऊन पोट धरून हसले. "त्या बाईला जग कुठं चाललंय याचा पत्ता नाही," म्हणाले. मी तांदूळ निवडत होते. आक्कांनी टॉकीजच्या दारात प्रत्येकीला बजावलं होतं: "कुनी घरात त्वांड उगडायचं न्हाई. हसू द्या मला किती हसायचं त्ये." पुढचे काही दिवस गावभर उवांचा विनोद चालला. आक्का रस्त्याने निघाल्या की पोरं डोकं खाजवत.

फळी निघाली. मालकांनी नारळ फोडला, वकिलांनी भाषण केलं. आक्कांना दारावर तिकिटं फाडायचं काम देऊ केलं. "कागूद फाडाय मानूस कशाला लागतंय? शेरडू बी फाडतंय," असं म्हणून त्यांनी ते नाकारलं, पण त्या आठवड्यात त्या दाराजवळ उभ्या राहत होत्या. कशासाठी ते बाजारच्या दिवशी समजलं. आमच्या ह्यांनी सुधारणेला पाठिंबा म्हणून कचेरीतून सुट्टी काढून मला दुपारच्या खेळाला नेलं. पोस्टरच्या फळ्यापाशी आई पिशवी घेऊन उभी होती. तिला फळी निघाल्याचं कोण कळवणार? तिने मला ह्यांच्याबरोबर पाहिलं आणि पोस्टरकडे तोंड फिरवलं. जावयासमोर गाठ पडली असती तर ती सासूबाईंपर्यंत गेली असती. मी आत गेले. आमचे हे तीन तास मला गोष्ट समजावून सांगत होते. बाहेर आक्कांनी आईला एसटीत बसवून दिलं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्का आमच्या घरी आल्या. कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत त्यांचा मुलगा नोकरीला होता, त्याच्याकडे कायमच्या निघाल्या होत्या. चहा घेतला, मुलाची खोली केवढी आहे ते सांगितलं, आणि बशी खाली ठेवून सासूबाईंना म्हणाल्या, "तुमची सून दर बाजारी टाकीजात आईला भेटायची. म्या बसवायची दोगींना. आता जागा ऱ्हायली न्हाई. तवा हितं भेटू द्या."

मी चुलीपाशी फुंकणी खाली ठेवली. सासूबाईंचा चेहरा लाल झाला. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि तो उतरला.

"म्हंजी त्या दिशी, लुगड्याचं... ती ऐकत हुती?"

"समदं."

"काय म्हनली?"

"रंग बरा हुता म्हनली."

सासूबाईंनी पदराचं टोक कमरेला खोचलं आणि म्हणाल्या, "येऊ द्या. पर म्या बोलावनार न्हाई." बोलावण्याचं माझ्याकडं, कंडक्टरच्या हाती निरोप धाडते, असं आक्का म्हणाल्या. पायरी उतरताना त्या पुन्हा वळल्या आणि सासूबाईंना, अगदी सहज, आणखी एक गोष्ट सांगितली. बाजारच्या दिवशी गर्दी लय असती. म्हातारी बाई ष्टँडावर एकटी कशी जाईल. सुनेला घालवायला धाडत जा. सासूबाई व्हय म्हणाल्या. परवानगी एवढी मोठी दिल्यावर त्यांना हे कुठे जड जाणार होतं?

आक्का त्याच दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन गेल्या. टॉकीजतर्फे कोणी निरोप समारंभ केला नाही. वकिलांचं भाषण आधीच होऊन गेलं होतं.

पुढच्या बाजारी आई आमच्या घरी आली. पुढच्या दारातून, मानाने. सोप्यात घोंगडीवर बसली, डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. सासूबाई समोर. मी मध्ये. चहा झाला. पाऊस कमी आहे यावर तिघींचं एकमत झालं. आईने मला विचारलं, "बरी हाईस नव्हं?" मी बरी आहे म्हटलं. मग बोलायला काही राहिलं नाही. इतकी वर्षं जिला अंधारात सगळं सांगितलं होतं तिच्याशी उजेडात काय बोलायचं ते मला कळेना, आणि तिलाही. सासूबाईंनी शेवटी ते लुगडं नेसायला काढलंय म्हणून सांगितलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

मग मी आईला घालवायला स्टँडवर गेले. दगडी कट्ट्यावर पिशवी मध्ये ठेवून बसलो. लोक बोंबलत होते, कंडक्टर गावांची नावं घेत होते, आमच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. आईने डब्यातून धपाटं काढलं आणि म्हणाली, "हं, सांग आता." आक्कांनी जाता जाता आम्हाला जागा धरून दिली होती.

आईची गाडी लागली, भरली आणि गेली. आम्ही उठलो नाही. दिवस मावळताना घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. एवढा उशीर का, म्हणाल्या. मी गाडी चुकली म्हटलं.

"पुढल्या बाजारी बी चुकंल," म्हणाल्या. "छत्री घिऊन जा. ऊन लागतंय तितं."