चौथ्या मजल्यावरचं गाऱ्हाणं

बोर्ली पंचतनच्या स्टँडवर बाबांनी तांदळाची गोणी स्वतः एसटीत चढवली, कंडक्टरला दोनदा बजावलं, आणि मग खिडकीखाली उभे राहून माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत राहिले. आई मात्र गाडी हलेपर्यंत बोलत होती. "सुकट वरच्या पिशवीत हाय, कपड्यांत घालू नको. आनि गाडीत कुनी काय दिलं तर खाऊ नको." एक्स-रेचा कोर्स पूर्ण करून मी मुंबईच्या हॉस्पिटलात नोकरीला निघाले होते, बालवाडीत नव्हे! पण खरं सांगते, मला रडूबिडू काही येत नव्हतं. आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या. डाचत होती ती एकच गोष्ट. बाबा माझ्यासाठी गाऱ्हाणं घालायला तयार नव्हते.

वाडीतल्यांना ठाऊकच आहे, बाहेरच्यांसाठी सांगते. हे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. आमच्याकडे कुणी नव्या जागी बस्तान मांडलं की नारळ हातात धरून तिथल्या राखणदाराला मोठ्याने सांगायचं, बाबा रे, आमचं माणूस तुझ्या हद्दीत आलंय, सांभाळ. वाडीत हे काम बाबांचं. दादाने उरणला बंदराजवळ खोली घेतली, तेव्हा आठवड्याच्या आत बाबा नारळ घेऊन हजर. आणि माझ्या वेळी? "भाड्याच्या खोलीत कसलं गाऱ्हानं?" मी म्हटलं, दादाची काय विकतची आहे? त्यावर उठले आणि गोठ्यात निघून गेले. मुलीचं घर म्हणजे सासर, एवढंच यांच्या डोक्यात, असं मी ठरवून टाकलं आणि मनात धरलं ते धरलंच.

सुरुवातीला चार मुलींच्या पीजीत राहिले. बाथरूमसाठी रांग, फ्रिजमध्ये नाव लिहिलेले डबे. मग नोकरी पक्की झाली आणि मी म्हटलं, बास, आता स्वतःचं कुलूप पाहिजे. घर शोधायला निघाले तर जिथे जाल तिथे तेच. सिंगल लेडी? नॉनव्हेज? एका ठिकाणी मी प्रामाणिकपणे "सुकटसुद्धा" म्हटलं, तर त्या मालकांनी दिलेलं पाणीसुद्धा परत घेतील की काय असं वाटलं. शेवटी एजंट मला भायखळ्याला, प्राण्यांच्या बागेमागच्या एका जुन्या इमारतीत घेऊन गेला. चौथा मजला. आत शिरल्या शिरल्या त्याने घाईघाईने खिडक्या लावल्या आणि कसलातरी गुलाबाचा स्प्रे मारला. मला संशय आला. मी सरळ जाऊन खिडकी उघडली.

भसकन वास आला. गवताचा, शेणाचा, ओल्या मातीचा. "मॅडम, थोडा स्मेल येतो, पण होईल सवय," एजंट कसनुसा हसत म्हणाला. अहो, सवय कसली, मी जन्मलेच ह्या वासात! तेवढ्यात भिंतीपलीकडून चढावर ट्रक अडकावा तसा आवाज आला. म्हटलं, हे काय? तर म्हणाला, "तो... हिप्पो आहे." पाणघोडा! माझ्या शेजाराला पाणघोडा! बाथरूम न बघताच मी घर पसंत करून मोकळी झाले.

मालकीण फातिमा आंटी, तळमजल्यावर राहायच्या. त्यांनी विचारलं, "मच्छी पकाओगी?" मी जीव मुठीत धरून म्हटलं, "हो. सुकीपण." त्या खो खो हसल्या. "बिनधास्त पकाओ. हाथी के सामने तुम्हारी सुकट की क्या औकात!"

ते पहिले दिवस मी नाचतच काढले. सकाळी चहा घेऊन खिडकीत बसावं, तर समोर मोठमोठी झाडं, त्यांत मोर केकाटतोय. रविवारी गेटवर पोरांची ही झुंबड. तिकडे गावी वानरं सुपारीवर उतरली की बाबा डबा बडवत शिव्या घालत धावायचे, इथे लोक तिकीट काढून माकडं बघत होते! वाघ डरकाळला की मी फोन खिडकीबाहेर धरायचे. "आये, ऐक, ऐक!" आई स्पीकर लावून शेजारणींना गोळा करायची आणि ओरडायची, "वाघ हाय व्हय? कडी लाव आधी!"

पनवेलला, पुण्याला, दुबईला गेलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुमचंही असंच होत असेल. दिवसभर कसं झकास असतं. मग संध्याकाळी बाग बंद व्हायची, गवताचा वास वर यायचा आणि आत्ता बाबा गुरं बांधत असतील एवढंच मनात येऊन मला भरून यायचं. फोन केला तर बाबा आईच्या हातात देऊन मोकळे.

मग एकदा ते आले. आईनेच पिटाळलं होतं, पोहे आणि नारळ पोचवायला. दारातच सांगितलं, "दुपारच्या गाडीनं परत जानार." नळ सोडून बघितले, कडी ओढून बघितली, भिंतीवर टकटक केलं. चहा पीत असताना वाघ ओरडला. "पिंजऱ्यात हाय ना?" विचारलं आणि पिशवी उचलली. झालं, माझा तोल गेला. म्हटलं, दादाकडे धावत गेलात. माझं घर तुम्हाला घर वाटतच नाही, असं एकदा तोंडावर सांगा तरी.

बाबा मटकन खाली बसले. पिशवीतला नारळ काढून उगाच हातात फिरवत राहिले. "तसं न्हाय बाय. उरणात आपली मानसं होती, देव ठाव होता. हितं मी कुनाचं नाव घेऊ? मला कोन वळकतं हितं? चुकीचं नाव गेलं नि तुला काय झालं म्हंजे? म्हनून भाड्याचं निमित्त केलं."

अख्ख्या वाडीच्या वतीने देवाशी बोलणारा माझा बाबा मुंबईला घाबरला होता. माझा इतक्या दिवसांचा राग कुठच्या कुठे गेला. मी म्हटलं, "मला ठाऊक आहेत ना सगळे. मी सांगते." नाक्यावरचा मारुती. गल्लीतला पीर. फातिमा आंटी, जिन्याखालचे वॉचमनकाका, मला वाटा जास्त घालणारी मासेवाली मावशी. भिंतीपलीकडची मंडळी. सांगता सांगता माझी मलाच गंमत वाटली. किती जणांना ओळखत होते मी! बाबा एकेक नाव पुटपुटत पाठ करत होते.

मग हातपाय धुऊन, टोपी घालून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "बा महाराजा, मारुतीराया, पीरबाबा, भिंतीपल्याडच्या वाघा, हत्ती, पानघोड्या! जे कोन ह्या हद्दीचं राखनदार असाल, ते ऐका. माझी पोर तुमच्यात राहाया आलीया. तिची चूकभूल पोटात घाला. वाकडी नजर पडंल ती आल्या वाटेनं फिरवा." आणि थांबले.

वाडीत ह्या ठिकाणी सगळे पुरुष एका आवाजात म्हणतात, "व्हय महाराजा!" बायका मागे उभ्या असतात. त्यांच्या तोंडून हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मीही सवयीने मागेच उभी. बाबांनी मान वळवली.

"आता गं? घर तुजं, मग व्हय कोन म्हननार? बोल की!"

मी म्हटलं. आधी हळूच, पुटपुटल्यासारखं. मग पुन्हा म्हटलं, चांगलं खणखणीत.