सिनेमातल्या बापाने कच खाल्ली

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शिक्षण चौथी, पण दुबईत रास अल खोरच्या वर्कशॉपात तीस वर्षं सुतारकी केली आणि इंजिनिअरांच्या चुका तोंडावर दाखवल्या. आता अल मनखूलला मुलाकडे राहत होतो. घरात माझ्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं, निदान मला तसं वाटायचं.

एका दुपारी नातीने मला सिनेमाला नेलं. "चला ना आजोबा, कॉमेडी आहे!" सोबत तिच्या ऑफिसातला लेबनानी मित्र होता. दुबईतच वाढलेला, त्यामुळे माझ्या कानाशी हिंदीत अर्थ सांगत बसला.

भूमध्य समुद्रातलं कुठलंसं बेट. तिथली मुलगी, परदेशी मुलगा आणि लग्नाला नाही म्हणणारा बाप. बापाने तोंड उघडलं की सगळं थेटर हसायचं. मी एकटाच मान डोलवत होतो. शेवटी तोच बाप लग्नात नाचला.

"कच खाल्ली लेकाने," मी मोठ्याने म्हणालो.

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "बाबा म्हणतात, आजोबा हो म्हणाले तरच. तुम्हीपण त्या बापासारखं नाही म्हणणार?" तिचे डोळे भरले होते. शेजारी तो पोरगा तिकीट चुरगाळत उभा होता. तेव्हा कुठे मला कळलं, ही कॉमेडी कोणासाठी होती ते.

"मी नाचणार नाही," मी बजावलं. "आपल्यात आधी बघण्याचा कार्यक्रम होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पोराला घरी बोलावलं, स्वतः कांदेपोहे केले, नातीला सोफ्यावर बसवलं आणि पोह्यांचा ट्रे त्याच्या हातात दिला.