गोदूबाई आणि नदीतलं बेट

बदलापूर गावातली गोदूबाई पावसाळ्यात उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये रानभाजी विकायला बसायची. टाकळा, कुर्डू, भारंगी, पाटीत असेल ते. अंजनी तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. एकदा तिनं विचारलं, "मावशी, हे उगवतं तरी कुठं? आम्हाला दाखवा की कधी."

"या रविवारी," गोदूबाई सहज म्हणाली. अंजनी खरंच शेजारपाजारच्यांना घेऊन आली. तिथपासून माणसांना दिवसभर रान दाखवून आणायचं हा गोदूबाईचा दुसरा धंदा झाला. ८५-८६ सालची गोष्ट.

सगळ्यांना जास्त आवडायचं ते नदीतलं बेट. गावापासून वर नदी दोन फाट्यांत वाटली जाते, मधे हिरवागार उंचवटा. बांबूची बेटं, करवंदीच्या जाळ्या, पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना सुगरणीचे खोपे, खडकात पाण्यानं कोरलेले रांजण. पावसानं उघडीप दिली की अलीकडच्या फाट्यात गुडघाभर पाणी राहायचं. तेवढ्यातून ती माणसांना पार न्यायची.

त्या भाद्रपदात अंजनी पुन्हा आली, या वेळी नवऱ्याला, शशिकांतला घेऊन. सोबत त्यांच्या बुद्धविहाराजवळची आणखी काही माणसं. तान्ही मुलगी अंजनीनं सासूकडे ठेवली होती. दुपारपर्यंत परत यायचं होतं. आभाळ मोकळं, ऊन कडक. गोदूबाई बेटाच्या पार टोकाला खोपे दाखवत होती आणि बोलता बोलता गप्प झाली.

"काय झालं मावशी?"

"आवाज आयका."

पाण्याचा आवाज बदलला होता. वर डोंगरात कुठंतरी पाऊस कोसळला असणार. सगळे धावत अलीकडच्या फाट्यावर आले. सकाळी तळ दिसत होता, तिथं आता गढूळ पाणी काटक्या-पाचोळा घेऊन पळत होतं.

"कमरेएवढंच आहे," शशिकांत म्हणाला. "हाताला हात धरून जाऊ. चला पटकन."

गोदूबाईलाही तसंच वाटलं. ती स्वतः पुढं झाली, एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि पायाखालचा धोंडा गडगडत गेला. ती कशीबशी मागं फिरली.

"नाय जायचं."

"अहो, पाणी वाढतंय! आत्ता नाही तर कधी?"

"नाय म्हंजे नाय."

अंजनीला राहवेना. "माझी पोर अंगावर पिते हो मावशी, ती उपाशी राहील," म्हणत ती पाण्यात उतरलीच. गोदूबाईनं तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. दोघी चिखलात पडल्या. शशिकांत अंगावर धावून आला, "हात सोडा तिचा!" गोदूबाईनं सोडला नाही. "तुला जायाचं तर जा," ती त्याला म्हणाली, "हिला नाय सोडनार." तो पाण्याकडे बघत राहिला. मग त्यानंच बायकोला उचलून उभं केलं.

बेटाच्या मधोमध एक जुनं उंबराचं झाड होतं. तिथं सगळ्यांना बसवताना गोदूबाईची नजर वर गेली. डोक्याच्याही वर, फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेलं गवत अडकलेलं होतं. कुठल्यातरी पुरात पाणी तिथवर चढलं होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिनं सगळ्यांना झाडाच्या दुसऱ्या अंगाला बसवलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा गावाकडच्या काठावर तिचा नवरा हिंदुराव दिसला. अंबरनाथच्या कारखान्यातून येऊन, बायको घरी नाही म्हणून शोधत आला होता. खांद्यावर विहिरीचा दोर. तो ओरडत होता, पण पाण्यापुढं शब्द पोचेना. मग त्यानं दोर झाडाला बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि लेंगा वर खोचला.

"अवो नका! नका उतरू!" गोदूबाई काठाशी धावली, पदर हलवला. त्याला वाटलं, ती बोलावतेय. तो घाईनं पुढं आला.

ती वळली. "बसा सगळी. हितं काठाला, त्यांना दिसल असं. डबे सोडा."

"आत्ता जेवायचं?" शशिकांत ओरडला.

"खा! आपन निवांत दिसलो नाय तर माझा मानूस बुडंल!"

अंजनी आधी बसली. रडत रडत तिनं डबा उघडला आणि चपातीचा तुकडा तोंडात घातला. मग बाकीचे बसले. गोदूबाईनं हातात भाकर घेऊन उंच धरली, सावकाश चावायला लागली.

पाण्यात मांडीपर्यंत उतरलेला हिंदुराव थबकला. बराच वेळ बघत राहिला. मग मागं सरला आणि काठावरच्या खडकावर बसला. कमरेचा दोर मात्र त्यानं सोडला नाही.

पाणी वाढत गेलं तसे सगळे परत उंबराकडे सरकले; ते मुळांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. दिवस बुडायच्या सुमाराला ते उतरलं. हिंदुराव दोर घेऊन पार आला आणि दोराला धरून त्यानं एकेकाला काढलं. शेवटी गोदूबाई.

"काय जेवत व्हता गं एवढं?" त्यानं विचारलं. तिला रडू फुटलं.

अंजनी तशीच ओल्या साडीत घरी धावली. सासूनं पोरीला वरचं दूध पाजलं होतं, ती झोपली होती.

पुढच्या आठवड्यात अंजनी भाजीला आली, तेव्हा तिच्या दंडावर गोदूबाईच्या बोटांचे वळ पिवळे पडले होते. मागं शशिकांत उभा होता. "मावशी, थंडीत जाऊ परत," तो म्हणाला, "खोपे नीट बघायचे राहिले." गोदूबाई त्यांना माघात घेऊन गेली. पावसाळ्यात मात्र तिनं बेटावर पुन्हा कुणाला नेलं नाही.