व्हाइसमध्ये दाबलेला रुपया

माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवण्यात गेली. नाण्यांचा नाद मात्र त्याच्याही आधीचा. त्यातही ओढ टांकसाळीत चुकलेल्या नाण्यांची. छाप एका बाजूला सरकलेली, कड अर्धी कापली गेलेली, कधी छापच न पडलेली कोरी चकती. पुंडलिकनगरातल्या एका हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी आम्ही हौशी लोक जमायचो. कुणाला नाण्याची शंका आली की ते माझ्यापुढं यायचं. मी भिंग लावून सांगितलं की विषय संपला. मला ते फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी लासूर स्टेशनचा एक धान्याचा व्यापारी माझ्या टेबलाशी आला. पस्तिशीतला, धिप्पाड. त्यानं त्याच हॉलमध्ये, कोपऱ्यात सतरंजी टाकून बसलेल्या पिशोरच्या एका म्हाताऱ्याकडून एक रुपया विकत घेतला होता, चांगली किंमत मोजून. रुपयाच्या एका बाजूला नेहमीचा आकडा. दुसऱ्या बाजूलाही तोच आकडा, पण उलटा आणि आत दबलेला, आरशात दिसावा तसा. टांकसाळीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर असा ठसा उमटतो. क्वचितच.

"सर, जरा मोठ्यानं सांगा," व्यापारी म्हणाला. "सगळ्यांना कळू द्या."

मी भिंग लावलं. दबलेल्या आकड्याखाली सिंहमुद्रेच्या रेषा पुसट शिल्लक होत्या, आणि समोरचा आकडा चपटला होता.

"हे टांकसाळीतलं नाही," मी म्हणालो. "साध्या रुपयावर दुसरा रुपया ठेवून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलाय. आमची पोरं सुट्टीत करतात असले उद्योग."

लोक हसले. मी आणखी रंगात येऊन कुठली रेषा कुठं राहिली ते दाखवत बसलो. व्यापाऱ्याकडं माझं लक्षच नव्हतं.

त्यानं लोखंडी घडीची खुर्ची उचलली, चालत कोपऱ्यात गेला आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर हाणली. म्हातारा ओरडलासुद्धा नाही. आडवा झाला. व्यापाऱ्यानं पुन्हा हाणली, मग खुर्ची टाकून बुटानं बरगड्यांत लाथा घालू लागला. माझ्याच ओळखीचे, एरवी हातमोजे घालून नाणी हाताळणारे दोघं-तिघं "चोट्टा" म्हणत पुढं झाले आणि तेही मारू लागले. सतरंजीवरची नाणी रक्तात पसरली.

मी भिंग हातात धरून उभा होतो. किती वेळ ते सांगता येत नाही. मग आत शिरलो आणि म्हाताऱ्यावर ओणवा झालो. पाठीत लाथ बसली, उजव्या हाताच्या बोटांवर टाच पडली, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. त्यानंतर मी केलं ते मात्र वाचवण्यासाठी नव्हतं. शेजारच्या टेबलावरची नाण्यांची पोलादी पेटी डाव्या हातानं उचलली आणि व्यापाऱ्याच्या जबड्यावर मारली. तो गुडघ्यावर आला. दातासकट रक्त थुंकला. मी पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा पेटी उचलली तेव्हा कुणीतरी मागून मिठी घातली. नसती घातली तर मी थांबलो नसतो.

पोलिस आले, जबाब झाले. पुढं म्हातारा, व्यापारी आणि मी, तिघांनीही तक्रार नाही म्हणून लिहून दिलं. म्हाताऱ्याचा डावा डोळा मात्र गेला.

बोटांचं प्लास्टर निघाल्यावर मी पिशोरला गेलो. त्याचं घर मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानामागं होतं. दुकानही त्याचंच. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून तो ओट्यावर बसला होता. सुनेनं पाणी आणलं.

"काका, एक विचारू?" मी म्हणालो. "नाणं कुणी केलं होतं?"

"म्याच केलं," तो म्हणाला. "आत व्हाइस हाय ना. तुमी खरंच बोलले."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. तोच पुढं म्हणाला, "त्या पोराचा बी मला लई राग नाय. फसवलं व्हतं त्याला. पर सर, तुमी मला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर म्या गुमान पैसे परत दिले असते. तुमी तर मास्तर लागून गेले."

त्याच्या आवाजात धार नव्हती, म्हणून जास्त लागलं. मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण माफ केलं असं काही म्हणाला नाही.

उरलेल्या डोळ्याच्या तपासणीसाठी त्याला शहरात यावं लागायचं. एसटी स्टँडवर त्याला घ्यायला मी जाऊ लागलो, अजूनही जातो. दवाखान्यात बाकावर बसून आम्ही पंपांबद्दल बोलतो. नाण्यांचा विषय तो काढत नाही. गर्दीत कुणाचा धक्का लागला की तो दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतो, आणि मी त्याच्या डाव्या बाजूला चालतो.